दोघांच्या मधोमध

नाही नाही, चपला राहू द्या पायात, फरशी आता कोणी रोज पुसत बसत नाही — या, आत या, आणि ते दार जरा जोरात ओढा, नाहीतर लागत नाही — हां, लागलं. एजंट खालीच थांबलाय ना? फोनवर असेल. सदा फोनवर. मला बजावून ठेवलंय त्याने, काकू, तुम्ही फक्त खोल्या दाखवा, बोलू नका. म्हणजे काय, मुकाट्याने दाखवू? माणूस घर बघायला येतंय आणि घरातली बाई तोंड शिवून मागे मागे फिरतेय, पळूनच जाईल की बघणारा. बसा. आधी बघणार? बघा, पण जिने चढून आलात, दम खा थोडा. लिफ्ट आहे, आज बंद आहे — आज म्हणजे बरेच दिवस बंद आहे, कशाला खोटं बोलू.

ही बाहेरची खोली. उजेड बघितलात? दिवे लावावे लागत नाहीत संध्याकाळपर्यंत. ओल नाही, भिंतीला हात लावून बघा, लावा ना. पाणी दोन्ही वेळ येतं. स्वयंपाकघर लहान आहे, पण दोन माणसांना किती लागतं — तुम्ही दोघंच ना? बरं. आणि ही गॅलरी. इथून बसथांबा दिसतो. गर्दी केवढी आहे बघा, दिवसभर असतेच, आम्ही नवीन आलो तेव्हा मला वाटलं होतं, वा, किती वर्दळीची वस्ती. मग हळूहळू लक्षात आलं की ही सगळी माणसं बस बदलायला उतरतात. तिकडून यायचं, दहा पावलं चालायचं, इकडची बस पकडायची. इथे येतं कोणी नाही, सगळे इथून जातात. आता एजंट असता तर डोळे वटारले असते त्याने. पण तुम्ही विचारलंत वस्ती कशी आहे, तर सांगते, वाईट नाही. चोऱ्यामाऱ्या नाहीत, भांडणं नाहीत, खाली औषधांचं दुकान आहे, पंक्चर काढणारा आहे, पलीकडे शाळा आहे तिची घंटा ऐकू येते. शेजारी? शेजारी चांगले आहेत. म्हणजे असावेत. भाडेकरू आहेत सगळे, नाव पाठ होईस्तोवर सामान बांधतात.

का विकताय — आलात बघा त्याच्यावर, सगळे येतात. एजंट म्हणतो सांगायचं, मुलाकडे राहायला जाणार. मग समोरच्याला बरं वाटतं म्हणे, घरात काही खोट नाही असं वाटतं. तर, मुलाकडे राहायला जाणार. झालं? चहा टाकते. नको कसं, दूध आणून ठेवलंय मी मुद्दाम, एजंट कालच म्हणाला होता कोणीतरी येणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय, माणसं संध्याकाळी पाठव, सकाळचं मला काम असतं. सकाळी कसलं आलंय काम. पण संध्याकाळ मोठी असते हो, ती काही केल्या सरत नाही.

तो? तो नकाशा आहे शहराचा. आमच्या ह्यांचा. उतरवायला पाहिजे, एजंट दर वेळी सांगतो, भिंत मोकळी दिसली की खोली मोठी वाटते. हे नकाशेच काढायचे, नगररचनेच्या कचेरीत, जन्मभर. हात असा स्थिर की चहाचा कप भरून दिला तरी थेंब सांडायचा नाही. आणि स्वभाव — काय सांगू, मुलांना सफरचंद कापून द्यायचं तरी पट्टी घेऊन बसायचे. थट्टा नाही करत, खरंच. मुलगी मोठी, मुलगा धाकटा, आणि दोघांचं सतत, मला कमी, दुसऱ्याला जास्त. मी म्हणायची, द्या हो कापून कसंही, रडतील आणि गप्प बसतील. तर नाही, मोजूनच. त्याने काय झालं, तर दोघांनाही मोजायची सवय लागली.

जवळ जाऊन बघा. चष्मा नाही ना तुम्हाला, मग दिसेल. तिथे एक भोक आहे बारीक, आणि इकडे खाली एक. कर्कटकाची. वरचं आहे ते मुलीचं घर, खालचं मुलाचं. आमची जुनी जागा सोडायची वेळ आली तेव्हा दोघंही म्हणाले, आमच्या जवळ घ्या. दोघंही, अगदी मनापासून, खोटं नाही बोलणार. मुलीच्या गल्लीत एक जागा मी बघून आले होते. तळमजला. समोर बाक, संध्याकाळी बायका येऊन बसायच्या तिथे, एक म्हातारी स्वेटर विणत होती, मला म्हणाली, टाके मोजशील का गं जरा, माझे चुकतात. ओळख ना पाळख. मी मोजून दिले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, मला तीच जागा हवी. तर म्हणाले, मुलाला काय वाटेल? म्हटलं, बरं, मग मुलाजवळ घ्या, तिथे निदान चांगलं हॉस्पिटल आहे. तर म्हणाले, मुलीला काय वाटेल? म्हटलं, एकाच्या जवळ राहू, दुसरा रुसला तर रुसू दे, रुसलेलं माणूस निदान भांडायला तरी येतं घरी. ऐकलं नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी कर्कटक घेऊन बसले. इथे टोक रोवलं, अशी कमान मारली, तिथे रोवलं, अशी मारली, आणि दोन कमानी जिथे छेदतात ना — दिसतेय का, पेन्सिल पुसट झाली आता — तिथे आपण उभे आहोत. मला म्हणाले, ये, बघ, एका केसाचा फरक नाही. काय आनंद झाला होता माणसाला. तोवर आम्ही दोघांनी ही वस्ती डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

साखर किती? — काय म्हणालात? नाही, ऐकलं मी, पुन्हा सांगा. आई त्या बाजूला, आणि सासू-सासरे ह्या बाजूला. आणि म्हणून इथे. मधोमध पडतं म्हणून.

थांबा, गॅस बंद करते.

एजंट बोलला नाही मला. तो म्हणाला, नोकरी करणारं जोडपं आहे, बस जवळ हवी. कुठे राहते आई तुझी, दाखव बरं नकाशात. अगं, लाव ना बोट, काही होत नाही. हां. एकटीच असते का? आणि ते लोक इथे. आता हात पसर तुझा. वीतभर इथून, वीतभर तिथून, होय ना? हात तुझा लहान आहे, पण साधारण तेवढंच. तूच म्हणालीस का असं, मधे घेऊ, की नवरा म्हणाला? दोघं मिळून. कोणाला वाईट वाटायला नको. बरोबर आहे. गुणाची आहेस. हे असते तर तुला जवळ बसवून कमानी समजावून सांगितल्या असत्या त्यांनी.

आता मी बोलायला नको, मला कळतंय. पण ऐक. वीतभर आहे ती नकाशावर. मधे मालगाड्यांचं यार्ड आहे, त्याची भिंत संपता संपत नाही, मुलाला सगळा वळसा घालून यावं लागायचं. मुलीच्या बाजूला नाला, त्यावर एकच पूल आणि तो बारा महिने दुरुस्तीला काढलेला. ह्यांनी स्वतःच्या हाताने यार्ड रंगवलं होतं गं कधीतरी, कचेरीत, करड्या रंगात. पण घर शोधताना फक्त दोन टोकं दिसली त्यांना. सुरुवातीला यायची दोघं. मग मुलगी म्हणायला लागली, तो आला होता ना रविवारी. आणि मुलगा म्हणायचा, ताई येऊन गेली ना. लांबच असतो आम्ही, तर येणं जमत नाही असं दोघांनी कबूल तरी केलं असतं. जवळ असतो तर भाजी आणायला निघालेली पोरगी सहज डोकावली असती. हे ना लांब, ना जवळ. इथे यायचं म्हणजे ठरवून यायचं, आणि ठरवायचं म्हटलं की माणूस आधी हेच ठरवतं, की आता पाळी कोणाची.

तो दिवस — नको, जाऊ दे. चहा घे तू. नाही, सांगतेच. हे आंघोळ करून आले आणि तू बसलीस ना, त्याच खुर्चीत बसले, उठू नको, खुर्चीचा काय दोष. घामाने शर्ट ओला झाला. मी फोन घेतला हातात आणि काय विचार करत उभी राहिले माहितेय? आधी कोणाला करू. दुसऱ्याला कळलं तर. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांचं ते माझ्यातही उतरलं होतं. मुलाला केला. तो म्हणाला, निघतोच, पण यार्डाला वळसा आहे, ताई आधी पोचेल, तिला लावलास का? तिला लावला. ती म्हणाली, पूल बंद आहे गं, पण निघते, तो पोचेलच तोवर. दोघंही खरं बोलत होती. दोघंही निघाली. पण आपल्यालाच पोचायचंय असं म्हणून कोणी निघालं नाही, समजतंय का तुला? मुलाने वाटेत पेट्रोल भरलं. मुलीने नातीला शाळेतून घेतलं, घरी सोडलं, मग निघाली. मी ह्यांना म्हणत होते, येतायत हो, दोघंही येतायत. तर म्हणाले, आधी कोण आलं? मी म्हटलं, बरोबरच येतायत. बरं वाटलं त्यांना. तोंडावर दिसलं मला, बरं वाटलेलं.

आणि आली बरोबरच. खाली दारात भेटली एकमेकांना. मी जिन्यात उभी होते, वरून ऐकलं. तू आत्ता येतोयस? — आणि तू? बस, तेवढंच. त्यानंतर त्या दोघांत शब्द नाही. तेरावा होईपर्यंत दोन खोल्यांत दोघं बसली, आणि मी इकडून तिकडे पाणी नेत होते.

आता कुठे जायचं म्हणतेस त्यांच्याकडे. इथे कोण आहे? मुलगा कंपनीने पाठवला म्हणून परदेशात गेला, मुलगी जावयाच्या बदलीबरोबर दुसऱ्या शहरात. त्या भोकाच्या जागी भाडेकरू राहतात आणि ह्या भोकाच्या जागी मला वाटतं आता दुकान झालंय. दोन्ही टोकं उठून गेली आणि मध्य तेवढा राहिला. कशाचा मध्य, सांग ना. तू शिकलेली आहेस. कधी कधी मी त्या नकाशासमोर उभी राहते आणि ह्यांच्यावर इतकी चिडते, मोठ्याने बोलते चक्क, की एकदा, आयुष्यात एकदा तरी वेडंवाकडं कापायचं होतं ते सफरचंद. आणि मग रडू येतं, कारण वाईट नव्हता गं माणूस. कोणाचं मन दुखवायचं नाही एवढंच हवं होतं त्याला.

म्हणून तुला सांगते, आईच्या गल्लीत घे. सासूबाई चार दिवस बोलतील. किंवा त्यांच्या शेजारी घे, आई रडेल आणि समजून घेईल. पण इथे —

काय? पसंत आहे?

मी एवढं सगळं सांगितलं आणि पसंत आहे. आमचं तसं नाही होणार. हो, तुमचं कशाला होईल. तुमच्याकडे गाडी आहे, दोघांची मनं मोठी आहेत, आणि सासरच्यांशी बोलणं झालंय आधीच. सगळ्यांना मान्य आहे. अगं, आमच्याकडेही सगळ्यांना मान्यच होतं. नाही, रागावले नाही मी. उलट — एवढी माणसं येऊन गेली, चहा पिऊन गेली, कोणी हो म्हटलं नाही. एजंटला वाटतं माझ्या तोंडामुळे. असेलही. मला सवय झाली होती, बघून जायची माणसं, कळवतो म्हणायची. मला वाटलं तूही कळवते म्हणशील.

बरं. जा मग, सांग त्याला खाली. त्याला खरं वाटणार नाही. नकाशा मी उतरवून ठेवीन तोवर, भिंत मोकळी मिळेल तुला. नको? राहू दे? कशाला? तुला नाही लागणार. बरं, राहू दे म्हणतेस तर राहू दे. कप तिथेच ठेव, मी विसळते.

मी होय? मुलाकडे, सांगितलं ना मघाशी. — नाही, तो म्हणतो आधी ताईला विचार. ती म्हणते, त्याला विचारलंस का. घर विकलं जाऊ दे, मग बघू, असं दोघंही म्हणतात, आणि मला वाटलं, विकलं काही जात नाही इतक्यात. तू एवढ्या वस्त्या हिंडलीस ना गं घरासाठी, कुठे एखादी अशी दिसली का, तळमजला, समोर बाक असलेली, म्हणजे एकट्या बाईला —

नाही. तू कशाला बघशील तसली.

जा तू, तो वाट बघत असेल खाली. आणि जाताना दार जोरात ओढ, नाहीतर ते लागत नाही.