गुडघ्याखालचे दिसत नाही

मी, खाली सही करणारी, वय ७१ वर्षे, व्यवसाय – निवृत्त लघुलेखिका, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार, आज २४ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते तो असा. मला कोणी बोलावलेले नाही. ठाण्याच्या पाच पायऱ्या मी वॉकर घेऊन चढले. कठडा एकाच बाजूला आहे, तोही हलतो. जबाब लिहून घेणारे हवालदार मला दोनदा 'आजी' म्हणाले. मी त्यांची आजी नाही. चौतीस वर्षे मी इतरांचे बोलणे शब्दशः उतरवून घेतले आहे. माझेही तसेच उतरवावे अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली.

माझ्या जावयांनी ९ मार्च रोजी याच ठाण्यात तक्रार दिली आहे. माझ्या घरी चोरीचा इशारा देणारी यंत्रणा बसवणाऱ्या कारागिराने चुकीचे सेन्सर लावले, घरात कुत्रा नसताना 'कुत्रा आहे' असे कागदावर खोटे लिहिले, आणि त्यामुळे माझ्या जिवावर बेतले, असे तिच्यात म्हटले आहे. त्यावरून कंपनीने कारागिराला कामावरून काढले. हे मला परवा समजले. सेन्सर बदलायला जो दुसरा माणूस आला, तो शिडीवरून म्हणाला, "त्याला काढला ना, मॅडम. तुमच्याच केसमध्ये." जावई मला रुग्णालयात एवढेच म्हणाले होते, "आई, तुम्ही फक्त आराम करा, बाकीचं आम्ही बघतो." त्यांनी काय बघितले ते मला आता दिसते आहे.

वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे. वरच्या मजल्यावर चोरी झाली म्हणून मुलीने परगावाहून फोनवरच ही यंत्रणा ठरवून टाकली. कारागीर १६ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला आला. वय अंदाजे पंचेचाळीस, कामाला चोख. हॉलमधला सेन्सर खिडकीसमोर लावावा असे मी सुचवले. तो म्हणाला, "नको मॅडम, उन्हाने फसतो. इथं कोपऱ्यात लावू. समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला चटकन कळतो." पॅसेजमधला सेन्सर त्याने फ्रिजकडे पाठ करून लावला. दोन्ही साधारण साडेसात फुटांवर आहेत. भिंतीला एकही जादा भोक पाडलेले नाही.

लावण्याआधी त्याने कागद भरला. "घरात कोण कोण असतं?"

मी सांगितले, "मी आणि साहेब."

"साहेब कामावर गेलेत?"

"साहेब कुत्रा आहे. कामाची त्याला सवय नाही."

त्याने वजन विचारले. अठरा किलो, असे मी सांगितले. "दिसत नाहीत कुठं?" असे त्याने विचारले. डॉक्टरकडे आहे, असे मी सांगितले. त्यावर त्याने पाळीव जनावराच्या घरात लावतात त्या प्रकारचे सेन्सर काढले. त्यांना साधारण गुडघ्याच्या खालची हालचाल दिसत नाही. खात्रीसाठी तो कोपरांवर, जवळजवळ पोटावर, हॉलभर सरपटत फिरला. सेन्सरवरचा दिवा लागला नाही. उभा राहिला, तेव्हा लागला. "बघा, साहेबांना मुभा आहे. फक्त सोफ्यावर चढू देऊ नका."

मी म्हटले, "ते साहेबांना सांगा, मला नाही."

दोघेही हसलो. त्या हॉलमध्ये दोन माणसे एकदम हसल्याला बराच काळ झाला होता. हे वाक्य जबाबाला अनावश्यक आहे असे हवालदारांचे मत पडले. राहू द्यावे.

२ मार्चला सकाळी १०.४० वाजता मी फिरायला निघाले. यंत्रावर 'बाहेर'चे बटण दाबले. त्यानंतर दाराबाहेर पडायला पंचेचाळीस सेकंद मिळतात. पॅसेजमध्ये पाय घसरून पडले व डाव्या खुब्याचे हाड मोडले. फोन दाराजवळच्या खुंटीला, पर्समध्ये. सेकंद संपल्याची पिपाणी वाजली तेव्हा मला हायसे वाटले. आता हलले की भोंगा वाजेल आणि माणसे येतील, असे मी धरून चालले.

मी सरपटत हॉलपर्यंत गेले. भोंगा वाजला नाही. परत आले. वाजला नाही. हात वर केला, तो पुरेसा वर गेला नाही. झाडू उभा धरून हलवला; सेन्सरला अंगाची ऊब लागते व झाडूला ती नसते, हे मला नंतर समजले. यंत्राला मी जे बोलले ते शब्द कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नसत. दरम्यान फोन एकदा वाजला. तो जाहिरातीचा होता, असे नंतर दिसले. सायंकाळी ४.५० वाजता, मी बुटाने दारावर ठोकत असताना, शेजारीणबाईंनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडले. तेव्हा भोंगा वाजला. त्या घाबरून आपल्या घरात पळाल्या, मग पुन्हा आल्या.

कारागिराने कागदावर जे लिहिले ते मी सांगितले म्हणून लिहिले. मी खोटे सांगितले. साहेब २५ जानेवारीलाच गेला होता. पशुवैद्याचा दाखला जोडला आहे. मुलीला मी त्याच दिवशी फोन केला होता. ती म्हणाली, "सुटलीस गं आई. आता तुला कुठंही जाता येईल." कुठंही म्हणजे कुठे, ते तिने सांगितले नाही. परवा मी तिला खरे काय ते सांगितले, तर म्हणते, "उगाच त्याला पाठीशी घालू नकोस. तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे." मुलीच्या या विश्वासापायी एका माणसाचे काम गेले आहे.

"पण खोटं का सांगितलंत, मॅडम?" असे हवालदारांनी विचारले. त्याचा तपासाशी संबंध नाही, असे मी उत्तर दिले. त्यांनी पुन्हा विचारले. कागदावर 'राहणारे' असा रकाना होता, कारागीर पेन उघडून माझ्याकडे पाहत थांबला होता, आणि माझ्या तोंडून तसे गेले. यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही.

कारागिराची चूक नाही. त्याला कामावर परत घ्यावे. जबाबाची प्रत मला मिळावी, ती मी स्वतः कंपनीच्या कार्यालयात नेऊन देणार आहे. एवढ्यावर भागेल का, असे मी विचारले. हवालदार म्हणाले, "त्याला मोकळं करायचं तर एक वाक्य अगदी सरळ हवं. इकडंतिकडं नको." ते वाक्य असे:

१६ फेब्रुवारी रोजी माझ्या घरात कुत्रा नव्हता. घरात मी एकटी राहते.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य त्यांनी हळू वाचले, म्हणून ते मी बाकीच्याइतक्याच आवाजात पुन्हा वाचायला लावले. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.