कंसांबरोबर गेलेलं शिक्षण

पर्ल ही संगणकाची भाषा अजून कोणी वापरतं का रे? मी तिच्यातली एक ओळ जन्मात विसरणार नाही.

नववीत शाळा सोडून मी कसब्यातल्या एका वधूवर मंडळात टायपिंग करायचो. पर्ल पुस्तकात बघून शिकलो होतो. एकदा संचालिका गोखलेबाई म्हणाल्या, "यादीत कंसातले शेरे नकोत. चष्मा, मंगळ, सगळं काढा."

प्रत्येक स्थळात नावापुढे एक कंस होता, फोन नंबरच्या आधी दुसरा. कंसातलं पुसणारी एक ओळ मी लिहिली. क्षणात काम झालं, म्हणून न तपासताच यादी छापायला दिली. त्या ओळीने प्रत्येक स्थळातला पहिला कंस उघडल्यापासून शेवटचा बंद होईपर्यंत सगळंच पुसलं होतं. शिक्षण, नोकरी गायब. उरलं नाव आणि फोन.

"अहो, ही स्थळं आहेत की टेलिफोन डिरेक्टरी?" बाई म्हणाल्या. "आज येणारे फोन तुम्हीच घ्या. उद्यापासून येऊ नका."

यादीत माझंही स्थळ होतं. संध्याकाळी धायरीहून एका मुलीने फोन करून नेमकं त्याबद्दलच विचारलं, "यांचं शिक्षण छापलेलं नाही?"

"मीच तो. नववी," मी कसाबसा बोललो.

"बरं झालं. छापलं असतं तर बाबांनी स्थळच खोडलं असतं."

नोकरी गेलीच. पण आजही कोणी माझं शिक्षण विचारलं, की बायको म्हणते, "कंसात आहे."