मे महिन्यातला स्वेटर

नाही, पण स्वेटर! मला आधी कुणीतरी त्या स्वेटरचं सांगा. मे महिना, देवास, दुपारचे बारा, बाहेर पारा त्रेचाळीसवर, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून वर येतंय, आणि मी काचेचं दार ढकलून साडीच्या चार मजली दुकानात पाऊल टाकते, तर काउंटरमागची बाई म्हणते, "या ताई, काय दाखवू?" आणि तिच्या अंगात स्वेटर! मरून, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, वर कानाला मफलर! तिथेच मी उलट पावली फिरायला हवं होतं की नाही? कुठलीही शहाणी मुलगी फिरली असती. मी काय केलं? वही काढली आणि लिहिलं, 'कर्मचाऱ्यांच्या अंगात गरम कपडे.' तारीख, वेळ, खाली रेघ. कारण मी तपासणीला आले होते ना!

तुम्हाला सांगते, माझं काम हेच. मोठमोठ्या इमारतींत जायचं, एसी किती वीज खातो, हीटर किती खातो, वाया कुठे जाते ते शोधायचं आणि मालकाला समजेल अशा भाषेत सांगायचं. इंदूरच्या कंपनीत लागून पाच महिने झालेत. सहावा संपला की एकतर नोकरी पक्की, नाहीतर गावी, मनावरला परत, काकांच्या खत-बियाण्याच्या दुकानात युरियाच्या पोत्याला टेकून आयुष्य. आमचे दीपेश सर फोनवर म्हणाले, "इरावती, देवासचं काम तुझं एकटीचं. तीन दिवस. वीज वाचली अशी मालकाची सही आण. सही आली, तू पक्की. आणि हे बघ, मला आकडा सांग, गोष्ट सांगू नकोस." आता मी ही गोष्टच सांगतेय, म्हणजे काय झालं असेल ते ओळखा.

आणि माझा स्वभाव कसा? कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, मी तिच्याकडे बघतच उभी असते, तरी ती झाली की मी "आई गं" म्हणून दोन पावलं मागे! घरी कुणी दाराची कडी वाजवत नाही, आधी लांबून खोकतात. पण त्या दुकानात तासभर उभी राहिले आणि... काहीच नाही. आधी बोटं बधिर झाली, मग नाक, मग कानांच्या पाळ्या, मग हळूहळू आतलं जे काय असतं ते. माझ्या पाठीमागे पितळेचं ताट पडलं, खणकन्, सगळी गिऱ्हाइकं वळली, आणि मला काहीच वाटलं नाही. मी हातातल्या तापमापकाकडे बघितलं. सतरा. सतरा अंश! देवासात, मे महिन्यात! वहीत लिहिलं.

मालक मानसिंगराव. पांढरी मिशी, पांढरा झब्बा, घराणं धारचं, पणजोबा दरबारी होते हे पहिल्या वाक्यात, आणि बसा म्हणाले ते चौथ्या वाक्यात. मी म्हटलं, "काका, इथे फार गार आहे." तर खुर्चीत मागे रेलून, "मग? गिऱ्हाईक आमच्याकडे आलं की त्याला शिमल्याला आल्यागत वाटलं पाहिजे! इंदूरच्या मॉलमध्ये आहे असा गारवा? अहो इंजिनिअर बाई, गारवा म्हणजे इभ्रत असते!" मी म्हटलं, "पण काका, गिऱ्हाईक दोन साड्या बघून पळतंय. दातावर दात वाजतात त्यांचे." तर म्हणतात, "पळतंय कशाला? साडी नेसून बघायच्या खोलीत जावं त्यांनी. तिथे हीटर लावलेत आम्ही." हीटर! ऐकताय ना? मी पळत गेले बघायला. सहा खोल्या, सहा हीटर, लालबुंद, मे महिन्यात! बाहेरचा एसी हवा गार करतोय, आतला हीटर तीच हवा गरम करतोय, ती दाराच्या फटीतून बाहेर येते, तिला एसी पुन्हा गार करतोय! एका घरातल्या दोन जावा कशा स्वयंपाकघरात एकमेकींचं केलेलं पुसत बसतात, तसं! आणि विजेचं बिल कोण भरतंय, तर मानसिंगराव, तेही अभिमानाने. एरवी मी हे बघून रडले असते किंवा हसले असते. मला काहीच वाटलं नाही. लिहिलं, 'हीटर : सहा.'

दोन दिवस मी शोधत होते. दारं बघितली, काचा बघितल्या, गच्चीवर जाऊन ते एसीचं अवाढव्य मशीन बघितलं. ते मशीन थांबतच नाही हो! सकाळी दहाला सुरू केलं की रात्री बंद करेपर्यंत घर्र घर्र घर्र, एक मिनिट उसंत नाही. त्याचा मिस्त्री भूपेंद्र, अस्सल मालव्यातला, सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ म्हणणारा, मलाही. "अरे भिया मॅडम, मशीन एकदम टनाटन है! मैं तो इसको छोरे की तरह रखता हूँ." मी म्हटलं, "मग थांबत का नाही?" "कैसे थांबेगा? सेठ ने चौबीस पे लगाया, ये देखो, पॅनल पे चौंतीस आ रहा है. चौंतीस से चौबीस लाना है बिचारे को. दौडेगा नहीं तो क्या करेगा?" चौतीस! आणि माझ्या हातात सतरा! मग हे चौतीस कुठून येतायत?

तिसऱ्या दिवशी सापडलं. दुपारी दीड. असल्या मशीनला एक पांढरा डबा असतो, साबणाच्या वडीएवढा, भिंतीवर लावलेला. हवा किती तापली ते तो बघतो आणि वर मशीनला कळवतो. आख्ख्या इमारतीची अक्कल त्या डब्यात. मी तो चार मजले शोधत होते, आणि तो होता गल्ल्यामागे, देवाच्या कोनाड्यात, झेंडूच्या हाराखाली, आणि त्याच्या बरोबर खाली, वीतभर अंतरावर... नंदादीप! रात्रंदिवस तेवणारा, पितळेचा, काचेच्या चिमणीतला! ज्योतीची सगळी धग थेट डब्याच्या पोटाला! डब्याला बिचाऱ्याला वाटतंय दुकान पेटलंय, तो वर ओरडतोय, गार कर, गार कर, आणि खाली जयाताई स्वेटरवर शाल घेतेय! जयाताई म्हणजे ती पहिल्या दिवशीची, काउंटरवरची. तिची बोटं इतकी आखडलेली असायची की साडीची घडी ती कोपराने घालायची.

मी भूपेंद्रला हाक मारली. म्हटलं, हा डबा दुसऱ्या भिंतीवर लाव. तो म्हणाला, "डिब्बा हटाना है तो सेठ की परमिशन लगेगी. दिया हटाना है तो भगवान की." मानसिंगराव तर सोनकच्छला लग्नाला गेलेले, सातच्या आरतीला परत येणार. आणि माझा शेवटचा दिवस! मी म्हटलं, दहाच मिनिटं. दिवा फक्त तीन फूट बाजूला धरते, आकडा उतरतो का बघते, पुन्हा ठेवते. कुणाचं काय जातंय? चिमणी काढली, कारण ती भाजत होती, म्हणजे भाजत असणार, मला काही कळत नव्हतं. दिवा दोन्ही हातांनी उचलला. जयाताई म्हणाली, "सांभाळून हो ताई." मी वळले, आणि कोनाड्याशेजारचा तो जुना फोन, तारेचा, माझ्या कानाशी, ट्रिंग ट्रिंग!

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा, बघा, पहिल्यांदा मी दचकले! "आई गं!" दोन पावलं मागे! नेमकी एसीच्या झोताखाली! फू. झालं. धुराची एक बारीक रेघ वर गेली. फोन दोनदा वाजून बंद पडला. आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे जेवढं दचकायचं तेवढं दचकून झालं होतं ना, उरलं काय?

जयाताईचा चेहरा मात्र बघण्यासारखा. मी म्हटलं, "माचिस आहे का?" तर ती खालच्या आवाजात, "माचिस? ताई, त्या ज्योतीला कधी काडी लागली नाही! धारच्या घरात आईसाहेबांचा, म्हणजे साहेबांच्या आईचा नंदादीप आहे, पिढ्यान् पिढ्यांचा. हे दुकान उघडलं तेव्हा ती ज्योत कंदिलात घालून जीपने आणली. साहेब पुढे, कंदील मांडीवर, जीप बैलगाडीच्या वेगाने! तीस वर्षं झाली. साहेब काय म्हणतात माहितेय? दुकानाची बरकत गादीवर नाही, या ज्योतीवर आहे." म्हणजे मी नेमकं काय विझवलं ते कळलं का तुम्हाला? आणि सही कुणाची हवी होती मला? त्यांचीच!

आणि त्याच वेळी... वरची घर्र घर्र बंद झाली.

तुम्ही कधी दिवसभर न थांबणारा आवाज भर दुपारी बंद झालेला ऐकलाय? साड्यांचा सळसळाट ऐकू यायला लागला. माशी ऐकू आली! सगळ्या बायकांनी वर बघितलं. डबा गार झाला होता, सतरा दाखवत होता, मशीनला म्हणत होता, पुरे बाबा, झोप. अर्ध्या तासात एकवीस. मग चोवीस. जयाताईने शाल काढली. मग मफलर. मग, खरं सांगते, स्वेटरची बटणं एकेक करून... आत फिकट निळा ब्लाउज होता, कुणी बघितलाच नव्हता म्हणे! दाराशी पोचलेलं एक गिऱ्हाईक परत फिरलं आणि मांडी घालून बसलं, "अजून दाखवा." हीटर बंद केले. तासाभरात मशीन अधूनमधून चाललं ते फक्त नऊ मिनिटं! साठातली नऊ! माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर आकडा, आणि तो मी सांगणार कुणाला? अहवालात काय लिहू? 'सुधारणा : देव विझवला'?

तेवढ्यात दीपेश सरांचा फोन. "आकडा?" "नऊ मिनिटं, सर." "वा! कसं केलंस?" "गोष्ट आहे, सर." "गोष्ट नको. सही घे." ठेवला.

मग एकच रस्ता उरला. धार. आईसाहेबांच्या घरची ज्योत. तिथून गाडीने निघाली तर अडीच-तीन तास. सातच्या आत यायची तर साडेतीनपर्यंत बोलणं व्हायला हवं. जयाताई म्हणाली, "आईसाहेब अनोळखी नंबर उचलत नाहीत. दुकानाच्या फोनवरून करा." केला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. पुन्हा केला. जयाताई म्हणाली, "देवघरात असतील." पुन्हा. "झोपल्या असतील." पुन्हा. भूपेंद्र म्हणाला, "भिया मॅडम, ब्याऐंशी साल की हैं..." आणि पुढे बोललाच नाही, माणूस असं अर्धवट बोलतं का हो? पुन्हा. सात वेळा. आठ. मी मनातल्या मनात काकांच्या दुकानात जाऊन बसले सुद्धा. युरिया कुठे, डीएपी कुठे, सगळं दिसायला लागलं. दहाव्यांदा जयाताईने स्वेटर परत चढवला, गारठ्याने नाही, भीतीने. दुकानात तेवीस अंश होते, इतकी छान हवा मी आयुष्यात मोजली नाही, आणि माझी बोटं अजून बधिर! साडेतीन वाजायला पाच मिनिटं.

अकराव्यांदा उचलला.

आधी नुसता श्वास. मग एक म्हातारा, बारीक, सावध आवाज. "कोण... मानसिंग नाही ना?"

मी म्हटलं, "नाही आईसाहेब, मी इरावती, ते विजेचं बघायला..."

"हुश्श! मला वाटलं मानसिंगच करतोय सारखा. म्हणून तर उचलत नव्हते बाई. मघाशी मीच केला होता दुकानात, दोनदा वाजवून ठेवून दिला, म्हटलं तोच उचलायचा. हे बघ, नीट ऐक आणि कुणाला बोलू नकोस. परवा त्याने इथे ते थंडीचं यंत्र बसवलंय, शिमला की काय म्हणतो तो, आणि दुपारी त्याचा झोत थेट देवघरात... विझला गं आमचा नंदादीप. चार पिढ्यांचा. तर तू एक कर, तुमच्या दुकानातली ज्योत कंदिलात घाल आणि गाडीने इकडे पाठवून दे. हळू आणायला सांग. हॅलो? ऐकतेस ना? तिथली आहे ना तेवत?"

मी जयाताईकडे बघितलं. जयाताईने भूपेंद्रकडे. भूपेंद्रने देवाकडे. आणि तुम्हाला सांगते, मला काहीच वाटलं नाही. मी म्हटलं,

"आईसाहेब, तुमच्या घरात काडेपेटी आहे का हो?"