मागून हॉर्न आला, साईड दिली

माझं गाव सावंतवाडीच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की शेवटचं घर आमचं, त्याच्यापुढे गाडीरस्ता नाहीच. म्हणजे बघा, ज्या घरापर्यंत गाडी पोचत नव्हती त्या घरातला माणूस जन्मभर गाडीच चालवत बसला. शाळा सातवीपर्यंत. आठवीचं हायस्कूल नदीच्या पलीकडे, पावसाळ्यात साकव, म्हणजे लाकडी पूल, वाहून जायचा, बाबा म्हणाले ऱ्हवांदे आता, झाला तितक्या पुरे. तितकं पुरे झालं ते पुरेच झालं. मग मी चिऱ्याच्या ट्रकवर लागलो, तिथे दाजींनी मला गाडी शिकवली. दाजी म्हणजे आमचे उस्ताद, नात्याचे कोणी नाहीत, पण सगळा घाट त्यांना दाजीच म्हणायचा.

दाजींचे नियम फार नव्हते. एकच होता. मागून हॉर्न आला की साईड द्यायची. उजवा हात खिडकीबाहेर काढून असा पुढे हलवायचा, की जा बाबा, पुढे मोकळं आहे. मी एकदा हट्टाने दिली नाही तर मानेवर अशी बसली की काय सांगू तुम्हाला, आणि वर म्हणाले रस्तो काय तुझ्या बापाशीचो नाय. साईड न देणारा ड्रायव्हर म्हणजे पंगतीत जेवून झाल्यावरही पान अडवून बसलेला माणूस, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की मला हॉर्न ऐकू येतो आणि हात बाहेर जातो, मधे डोकं लागतच नाही.

मुंबईत आलो तो गाववाल्याच्या ओळखीने, मुलुंडला साहेबांकडे. साहेबांचे उपकार मी विसरणार नाही, आधीच सांगतो. गॅरेजला लागून खोली दिली, बायकोच्या ऑपरेशनला स्वतः डॉक्टरशी बोलले, मला कधी अरे-तुरे केलं तरी हाक मारली ती घरच्यासारखी. त्यांच्याकडे दोन गाड्या. एक रोजची, नवीन, तिला गिअरच नाही, नुसतं बसायचं. आणि दुसरी हिरवी. हिरवी म्हणजे साहेबांच्या वडिलांची, गिअर स्टिअरिंगला, पुढे एकच लांब सीट, सकाळी चोक ओढल्याशिवाय डोळे उघडायची नाही. मी आलो तेव्हा ती बंद पडून होती, तिच्या टपावर कोणीतरी कुंड्या ठेवलेल्या. साहेब म्हणाले अंकुश, बघ काही होतंय का. मी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरून फिरून एकेक पार्ट आणला, हॉर्नसुद्धा तिथलाच, दोन सुरांत वाजतो, असा हॉर्न आता मुंबईत दुसरा नाही. बायको गावाहून फोनवर म्हणायची, जेवलास काय इचारूचा नाय, आधी हिरवी कशी हा ता इचारूचा. तिचं बरोबर होतं.

आता विलासचं सांगतो. विलास घाटकोपरचा, चाळीत वाढलेला, माझ्यापेक्षा लहान, त्याच्या शेठकडे मोठी पांढरी जुनी गाडी, तिचा तो ड्रायव्हर. रविवारी सकाळी जुन्या गाड्यावाले मालक जमायचे, त्यांचा चहा-नाश्ता चालायचा आणि आम्ही ड्रायव्हर लोक बाजूला उभे. विलास उभा राहायचा तो सुद्धा असा की गाडी त्याचीच. केसाला जेल, गॉगल, मालकांच्या घोळक्यात घुसून बोलणार, शेठ हे बघा, शेठ ते बघा. मला म्हणायचा, अंकुशदादा, म्हातारीला हळू चालवा हां, दात पडतील. सगळे हसायचे, मी पण हसायचो. पण आत जळायचं. मला ते बोलणं जमत नव्हतं ना. मला चार लोकांसमोर तोंड उघडायचं म्हणजे आधी घाम फुटतो, वाटतं काहीतरी चुकीचं बोलू आणि साहेबांना खाली बघावं लागेल.

तर साहेबांचे गुडघे गेले, मुलगा परदेशात, इथे सूनबाई आणि नातवंडंच, त्यांनी हिरवी द्यायचं ठरवलं. मला सांगितलं तेव्हा मी नुसतं हो साहेब म्हटलं. घेणारा पवईचा एक तरुण, कानात बाळी, स्वतःची कंपनी, तो म्हणाला गाडी घेतो पण मला ती चालवता येत नाही, माणूस पण पाहिजे. साहेब म्हणाले माझा अंकुश आहे, त्याच्यासकट घे. तो म्हणाला शर्यतीला येताय ना तुम्ही, तिथे बघतो. झालं. माझा जीव तिथे अडकला. हिरवीबरोबर जायला मिळालं तर सोनं, आणि नाही मिळालं तर ही खोली तरी राहते का नाही ते पण माहीत नाही, कारण बिनगिअरची गाडी काय, सूनबाईसुद्धा चालवतात.

शर्यत म्हणजे जुन्या गाड्यांची, दोन दिवस, पवईला, तलावाच्या बाजूने ऑफिसांच्या बिल्डिंगांमधून गोल. रस्ते बंद केलेले, वळणावळणावर टायरांच्या थप्प्या. शनिवारी मालकांनी पळवल्या. रविवारी शेवटी एक फेरी ठेवली होती ड्रायव्हर लोकांची, की जे या गाड्या सांभाळतात त्यांनाही एकदा मिळू दे. चांगली माणसं म्हणायची, आमची आठवण ठेवली. विलासने पांढऱ्या गाडीला लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, आज साहेब नाहीत मागे, जरा मनासारखं चालवा की यार.

आणि ते खरं होतं. मी सीटवर बसलो, आरशात बघितलं तर मागची सीट रिकामी. इतकी वर्षं मागे कोणी ना कोणी असायचंच, खड्डा आला की आधी आरशात बघायचं, मानेला झटका बसला का, चहा सांडला का. त्या दिवशी कोणी नाही. झेंडा पडला आणि मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, आणि हिरवी अशी उचलली, अशी उचलली की मला वाटलं आम्ही दोघं इतकी वर्षं उगाच हळू चाललो. खिडकीतून तलावाचा वारा, लोक बाजूला ओरडतायत, आणि मी सगळ्यांच्या पुढे. खोटं नाही सांगत, सगळ्यांच्या पुढे. मधे एक स्पीडब्रेकर होता, मालक लोकांनी आदल्या दिवशी त्याच्यावरून गाड्या उडवल्या होत्या, पण आमच्या फेरीत सगळ्यांच्या सगळ्यांनी ब्रेक मारला, एका रांगेत, हळूच चढवली, हळूच उतरवली. पब्लिक पोट धरून हसलं. काय करणार, पायाला सवय.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे मागून हॉर्न आला. पांढरी गाडी. विलास. एकदा वाजवला, मग जोरात वाजवला.

आणि माझा हात बाहेर गेला.

मी गाडी डावीकडे घेतली, हात पुढे हलवला, जा बाबा, पुढे मोकळं आहे. तो गेला. जाताना त्याने सुद्धा हात वर केला, घाटात ट्रकवाले करतात तसा, आभार मानायला, कारण त्याच्या पण अंगात तेच. त्याच्या मागून अजून दोघं गेले. मग मला कळलं मी काय केलं ते. शर्यतीत साईड दिली मी. दाजी वर असतील तिथे कपाळाला हात लावून बसले असतील, किंवा खूश झाले असतील, मला सांगता येणार नाही.

खाली उतरलो तर एक मुलगी माईक घेऊन आली, आधी विलासकडे, कसं वाटलं. विलास म्हणाला, कसं वाटलं म्हणजे काय मॅडम, गाडी चालवतोय असं वाटलंच नाही, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, नुसतं आपण आणि गाडी. अहो ते माझं होतं. ते वाक्य माझं होतं, मला तसं वाटलं होतं, आणि ते त्याच्या तोंडातून बाहेर आलं, गॉगल डोक्यावर ठेवून. शर्यत घेतली त्याने, ते एक वेळ चालेल, पण ते वाक्य सुद्धा घेतलं. मग माईक माझ्याकडे आला आणि मी काय म्हटलं, सगळी व्यवस्था छान होती, साहेबांचे उपकार आहेत. ती मुलगी हो हो म्हणाली आणि पुढे गेली. तुम्ही आज विचारलंत म्हणून तुम्हाला खरं सांगितलं.

कानात बाळीवाला माझ्याजवळ येऊन हसला, म्हणाला काका, तुम्ही फार गोड माणूस आहात. तेव्हाच समजलो. हिरवी त्याने घेतली आणि माणूस म्हणून विलासला घेतलं. साहेबांनी मला संध्याकाळी बोलावलं, म्हणाले अंकुश, घाबरू नकोस, तू इथेच राहायचंस, सूनबाईंना मी सांगितलंय. मी पाया पडलो. मनापासून पडलो. पण उठताना नजर गॅरेजकडे गेली, तिथे जमिनीवर तिच्या तेलाचा डाग होता, तेवढाच.

बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नोकरी ऱ्हवली ना, मगे रडतास कित्याक, माझ्यासाठी कधी इतके रडलास? मी म्हटलं तू गेलीस कुठे. म्हणाली, तर तर, आता बोलूक सुचता बरा.

पुढच्याच आठवड्यात विलासचा फोन. दादा, ही सकाळी उठतच नाही, माझं ऐकत नाही यार. मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटलं, गाडी पुसताना गाणं म्हणत होतो. पण फोनवर मी त्याला सगळं सांगितलं, आधी अ‍ॅक्सिलरेटरवर दोनदा पाय मार, मग चोक अर्धाच ओढ, पूर्ण ओढलास तर पेट्रोलमध्ये बुडते, आणि थंडीत तिच्याशी घाई करू नकोस. नसतं सांगितलं तर त्रास त्याला नाही, तिला झाला असता. विलास म्हणाला थँक्यू दादा, तुम्ही देवमाणूस. मी म्हटलं ठेव फोन.

आता चाललंय बरं. सूनबाई मान देतात, नातवंडांना शाळेतून आणतो, बिनगिअरची गाडी काही बोलत नाही, मी पण तिच्याशी बोलत नाही. परवा ऐरोलीच्या नाक्याकडून येत होतो, गाडीत मी एकटाच, आणि मागून हॉर्न आला. दोन सुरांतला. आरशात बघायची गरज नव्हती. मनात आलं, आता नाही देत, काय करायचं ते करून घे, रस्ता काही तुझ्या बापाचा नाही. एसी चालू, काचा बंद. आणि बघतो तर माझा अंगठा बटणावर, काच खाली जातेय, हात बाहेर.

हिरवी बाजूने गेली. आवाज चांगला होता इंजिनचा, एकसारखा, तक्रार नाही. विलास ओरडला, दादा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं जा गो बाय, सांभाळून जा, सुखाने रहा. तिला म्हटलं. त्याला नाही.