पत्र्याच्या डब्यातला नारळ

"हॅलो?... अबेबा? अगं, मोठ्यानं बोल... थांब, थांब. घरात आवाज तुटतो, नीरफणसाखाली येते... हं. बोल आता."

मकेडा फोन कानाला धरून अंगणाच्या टोकाला आली. धाकटी बहीण किंग्स्टनला शाळेच्या वसतिगृहात, आणि ऐन जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"काय?... कोण म्हणालं? कोच ग्रँडिसन?... कोंबडी? ताटात वाढून समोर ठेवली?... रडू नकोस, नीट सांग... काल सरावात शेवटच्या वळणावर मटकन खाली बसलीस? आणि हे तू मला आज सांगतेस!... हो, हो... अगं ऐक ना. म्हणजे कोंबडी खाल्लीस तर शनिवारच्या रिलेत चौघींत तू, नाहीतर बॅटन त्या राखीव कार्डीनच्या हातात. असंच ना?... वा! छान!"

"...बाबांना? नाही सांगत... नाही गं, ते तिकडे मागं नारळ फोडतायत. त्यांचं लक्षही नाही."

बाबा मागं नव्हते. अंगणातल्याच चुलीशेजारच्या ओंडक्यावर बसून ते कोयत्याच्या पाठीनं नारळ फोडत होते, आणि जटा गुंडाळलेलं डोकं त्यांनी जराही वर केलं नव्हतं. ते पक्के रास्ता, म्हणजे रास्ताफारी पंथाचे. त्यांच्या चुलीवर मांस चढत नाही, मीठ पडत नाही, पत्र्याच्या डब्यातलं काही उंबऱ्याच्या आत येत नाही. दोन्ही मुलींनी बोलायला लागायच्या आधी हे शिकून घेतलं होतं.

"बरं, मला सांग, सकाळी काय खाल्लंस?... पुदिन्याचा चहा. चहा म्हणजे खाणं का गं?... आणि?... एक केळं. पेज का नाही घेतलीस?... मीठ असतं. बरं. दुपारी?... कोबी. आणि कलालूची पालेभाजी. आणि?... पिठाचे गोळे नाही, त्यात मीठ. कोनफळ नाही, ते मिठाच्या पाण्यात उकडतात. मग भात? तो तर तुरीच्या दाण्यांचा असतो, नारळाच्या दुधातला... अच्छा. दूध डब्यातलं. म्हणून तोही नाही. रात्री काय?... पुन्हा कोबी! अबेबा, तू धावपटू आहेस की बकरी?"

"...हसू नकोस. मी चिडलेय... पोट भरतं? भरणारच! एवढ्या पाल्यानं बैलाचंसुद्धा भरेल. पण बैल मग रवंथ करत बसून राहतो, त्याला कुणी चारशे मीटर पळवत नाही. अगं, पोटाला फक्त आकार कळतो, पायांना उष्मांक लागतात. कोबीच्या अख्ख्या ताटात शंभर कॅलरीसुद्धा नसतात... हो, माहितीय मला... हो, चार वर्षं रसायनशास्त्र शिकून कोबी मोजतेय, झालं समाधान?"

"...नाही, ऐक. कोंबडी खाल्लीस तर पाय चालतील, खोटं नाही. पण कोंबडीत काही जादू नाहीये! चालतील, कारण एकदाचं तू काहीतरी खाल्लेलं असशील... मग इथं डोंगरावर कशी पळायचीस? तेव्हा कुठं कोंबडी होती? घरी काय खायचीस, सांग... कलालू. कोनफळ. तुरीचे दाणे... बरोबर. कशात शिजवलेले?... पाण्यात? पाण्यात?"

कोयत्याचा आवाज थांबला.

"अगं बाई, तू कधी पातेल्यात डोकावून बघितलंस का?... पळून आलीस की आयत्या ताटावर, तुला काय दिसणार! बाबा प्रत्येक पातेल्यात अख्ख्या नारळाचं दूध ओततात, अबेबा. सकाळच्या पेजेत मूठ मूठ शेंगदाणे वाटून घालतात. आणि अवोकाडो? झाडाखाली उभ्या उभ्या दोन-दोन हाणायचीस, तो कुठं गेला?... तो जेवणात धरत नाहीस! मग पाय कशावर पळत होते, पुदिन्याच्या वासावर?"

"...अगं ऐक ना... ऐक. बाबांनी नुसतं हे नको, ते नको नाही केलं. जे काढलं त्याच्या जागी नारळ घातला. तू सगळे 'नको' तेवढे पेटीत भरून नेलेस आणि नारळ इथंच ठेवून गेलीस... कुणी सांगितलं नाही? हो... नाही सांगितलं. मीही नाही. ते कधी बोलण्यात आलंच नाही गं, हातानंच होऊन जायचं..."

"काय झालं?... कोच दारात उभे आहेत? आत्ता उत्तर हवं? मग सांग ना त्यांना... अगं, मला काय विचारतेस, तू... थांब. थांब जरा. बाबा काहीतरी विचारतायत."

"...ऐकलं त्यांनी. सगळं. मी काय करू, तुझे हुंदके अंगणभर ऐकू येतायत!... फोन ठेवू नकोस! अबेबा!... ते विचारतायत, आजही भात आहे का?... आहे. बाबा, आहे. हो, डब्यातल्या दुधातलाच."

बाबांनी कोयता मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "तिला म्हणावं, खा. त्या डब्याचं पाप माझ्या माथी."

"ऐकलंस?... शपथ! तेच म्हणाले... मी कशाला बनवू तुला?... मीठ? बाबा, आणि मीठ?... तेही म्हणे. त्यांच्याच माथी. पण कोंबडी ताटातून काढून ठेव... जा, सांग कोचना. कोंबडी नाही, भात दुप्पट... मी आहे. जा."

मकेडा नखानं नीरफणसाची साल खरवडत उभी राहिली. बाबा उठले नाहीत, कोयताही हलला नाही.

"हं, बोल... गुरुवारी पुन्हा पळवून बघणार? मग बघू देत ना!... आणि हे बघ, संध्याकाळच्या मिनीबसनं खोबऱ्याच्या वड्या येतील, आलं घातलेल्या... नारळाचं दूध कसं पाठवू, वाटेतच आंबेल! खिशात ठेव, मधल्या सुट्टीत खा. वाटत सुटू नकोस... बरं, कार्डीनला एक दे. एकच."

"आता ताट घे. फोन चालू राहू दे... भात घे. आणखी. लाजतेस काय, घे!... कोबी नको म्हटलं ना!... बसलीस? खातेयस?... मला काही ऐकू येत नाहीये... हं. आता येतंय. बोलू नकोस, आधी घास गिळ..."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कसा लागतोय, विचार."

"बाबा विचारतायत, कसा लागतोय?... खारट? बाबा, खारट लागतोय म्हणते."

"लागणारच," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढचा नारळ उचलला.

"अबेबा, आता दुसरा घास... हॅलो?... अगं, खातेयस ना?... हं, चमचा वाजला. खा."