पिशोरचे मार्क

त्या पिशोरच्या आबांचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? कोणत्या तालुक्यात म्हाताऱ्या माणसांची किती सोय आहे, ते बघून मार्क द्यायचे, असा आमचा सर्व्हे. पहिलंच घर आबांचं. जन्मभर मेंढरं राखली, आता एक शेळी उरलेली. पोरं तिकडं शहरात, मुकुंदवाडीत.

"आबा, दवाखान्यात सोबत कोण येतं?"

"ही येती की," शेळीकडं बोट. "घरी एकटी ठेवली तर लई वरडती."

"तिथं बसायला जागा मिळती?"

"हिला बघून लोक उठतात. मग मीबी बसतो."

आता याचे मार्क कुणाला देऊ, तालुक्याला का शेळीला? चहा झाला, तरी आबांचं प्रत्येक उत्तर लांबतच चाललेलं. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "काय आबा, आज परत? काल तो दाढीवाला हेच इचारून गेला ना?"

दाढीवाला आमच्याच ऑफिसचा! माझं डोकंच फिरलं. "आबा, आल्या आल्या सांगायचं ना! अख्खी सकाळ गेली माझी."

आबा शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "सांगितलं असतं, तर बसली असती व्हय तू?"