लाकडासारखी फरशी

हदगावच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत दोघी बाया माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"सगुणाअक्का, तुमच्या वैजनाथच्या फ्लॅटमधी लाकडाची फरशी हाय म्हनं? आमचा सुदर्शन बी तसलीच बसवायची म्हनून राहिला."

"लाकूड कुठलं गं केवळा! निस्तं लाकडावानी दिसतंय. लॅमिनेट म्हनतेत. पर थंडीत पाय गारठत न्हाईत, गुडघ्याला बी बरी हाय."

"मंग वाईट काय तिच्यात?"

"पानी चालत न्हाई तिला. मुरलं की फुगती. लकव्यात आमच्या मालकाला लघवी कळंना. मी सारखी पुसायची, तरी कडा वर आल्या."

"सून बोलली असंल."

"सून न्हाई गं. वैजनाथच म्हनला, बाबाला गॅलरीत ठिवू, तिथली फरशी साधी हाय, रोज धुता येती."

"पोटच्या पोरानं? आन मालक?"

"काचंतून आत बघत पडून असायचे. पौषात तिथंच गेले."

"अगं बाई! मंग मी सुदर्शनला काय सांगू?"

"बसव म्हन. फकस्त आधी इचारून घे, तू आडवी पडल्यावर तुला कुठं ठिवनार."